रिकाम्या रस्त्यावर ताशी १४०: धाकट्या भावाला काय उत्तर द्यावे?

प्रश्न : कोथरूडची ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत त्याने स्वतःच्या पगारातून ३९० सीसीची मोटारसायकल घेतली. तेव्हापासून दर रविवारी पहाटे साडेपाच वाजता तो चार मित्रांबरोबर चांदणी चौकातून निघतो आणि पिरंगुट, पौड, मुळशीमार्गे ताम्हिणी घाटात जातो. गाडी घेतल्याचे आम्हा सर्वांना कौतुकच आहे, कारण त्यासाठी त्याने दीड वर्ष काटकसर केली.

मागच्या आठवड्यात त्याने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण मला मोठ्या अभिमानाने दाखवले. धरणाच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर मीटरमध्ये १४३ हा आकडा दिसत होता. त्याच क्षणी डाव्या कडेला एक पांढरा ठिपका दिसला आणि नाहीसा झाला. मी चित्रण थांबवून मागे नेले आणि एकेक चौकट पुढे सरकवत पाहिले, तेव्हा कळले की तो ठिपका म्हणजे हातात दुधाची किटली घेऊन रस्त्याच्या अगदी कडेला उभा असलेला पांढऱ्या सदऱ्यातला माणूस होता. भावाला तो माणूस मुळीच आठवत नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भाऊ अविचारी नाही आणि उद्धटही नाही. तो शांतपणे चार मुद्दे मांडतो. पहाटे रस्ता रिकामा असतो. त्याच्याकडे उत्तम हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट आणि गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. शर्यतीतले चालक ताशी दोनशेच्या वेगाने पडतात आणि अंग झटकून उभे राहतात. आणि शहरात ताशी ४० ने जाणारी माणसेही मरतातच, मग दोष एकट्या वेगाला का द्यायचा? आई रडते, बाबांनी एकदा किल्ली लपवून ठेवली. दोन्हींचा काही उपयोग झाला नाही, उलट तो घरी सांगेनासा झाला. मला त्याच्याशी भांडायचे नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य किती आणि गैरसमज कुठे आहे, हे जाणकारांकडून नीट समजून घ्यायचे आहे. म्हणजे पुढच्या वेळी मला 'काळजी वाटते' याच्या पलीकडचे काही बोलता येईल.

प्रतिसाद : चाकजोडी

ताई, मी तेवीस वर्षे मोटारसायकल चालवतो आहे आणि ब्रेकच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो, म्हणून सुरुवात ब्रेकपासूनच करतो. आपल्या भावाला गणिताची आवड असेल तर हे आकडे त्याला स्वतःला मांडायला सांगा. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा स्वतः काढलेला आकडा माणसाला अधिक पटतो.

ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर आणि ताशी १४० म्हणजे सेकंदाला ३९ मीटर. समोर काही आडवे आले हे डोळ्यांना दिसून, मेंदूला कळून, हातपाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो आणि त्या सेकंदात गाडीचा वेग तसूभरही कमी होत नाही. त्यानंतर कोरड्या, स्वच्छ डांबरावर, चांगल्या टायरांवर, सरावलेल्या हाताने ब्रेक दाबले तर वेग सेकंदाला साधारण ७ मीटर प्रतिसेकंद या दराने उतरतो. या हिशेबाने ताशी ६० ची गाडी सुमारे ३७ मीटरमध्ये थांबते, १०० ची ८३ मीटरमध्ये आणि १४० ची १४७ मीटरमध्ये.

आता यातला खरा मुद्दा पाहा. समजा दोन गाड्या शेजारून चालल्या आहेत, एक १०० ने आणि दुसरी १४० ने, आणि दोघांनाही एकाच क्षणी पुढे ८३ मीटरवर रस्त्यात बसलेली म्हैस दिसली. १०० ची गाडी म्हशीपाशी येऊन थांबेल. त्याच जागी १४० च्या गाडीचा वेग किती उरलेला असेल असे भावाला विचारा. बहुतेक जण ४० सांगतात, कारण १४० मधून १०० वजा केले की तेवढेच उरतात. खरे उत्तर ताशी १०८ आहे. पहिली गाडी जिथे उभी राहिली तिथे दुसरी अजून १०० पेक्षाही अधिक वेगात असते. याचे कारण असे की गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि शिवाय पहिल्या सेकंदातच तिने ११ मीटर जास्त खाल्लेले असतात. हे उदाहरण मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला घालतो आणि आजवर एकानेही पहिल्या प्रयत्नात बरोबर उत्तर दिलेले नाही.

एबीएसबद्दल गैरसमज फार आहेत. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचे झाले आणि ही फार चांगली गोष्ट झाली, कारण घाबरून ब्रेक दाबल्यावर चाक जागीच जाम होऊन गाडी घसरण्याचे प्रमाण त्यामुळे कमी होते. परंतु एबीएस पकड निर्माण करत नाही. रस्ता आणि टायर यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच ते जपून वापरते. रस्त्यावर बारीक खडी किंवा रेती पसरली असेल तर पकडच नसते आणि एबीएस असलेली गाडीसुद्धा लांबवर वाहत जाते. शिवाय साध्या एबीएसला गाडी वळणात किती झुकली आहे हे कळत नाही. ते कळणारी यंत्रणा महागड्या गाड्यांतच असते.

वळणांचे गणित तर याहून कठोर आहे. घाटातले ४० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी ६० ने ते घेताना गाडी साधारण ३५ अंश झुकवावी लागते, ७० ने ४४ अंश आणि ८० ने ५२ अंश. साध्या रस्त्याचे टायर, साधे डांबर आणि गाडीचे पायदान यांना ५२ अंश झेपत नाहीत. म्हणजे 'जरा जोरात घेतले' आणि 'गाडी वळलीच नाही' यांच्यात ताशी वीस किलोमीटरसुद्धा नाहीत. आणि झुकलेल्या गाडीत टायरची पकड वळण्यातच खर्च होत असते, त्यामुळे तिथे ब्रेक लावायला फारसे काही शिल्लक राहत नाही. आधी सरळ पट्ट्यावर १४० केल्यावर वळणाच्या तोंडाशी ७० सुद्धा रांगल्यासारखे वाटतात, हा आणखी एक धोका. डोळ्यांना वेगाची सवय लागते आणि मग मीटर न पाहता केलेला अंदाज नेहमी कमी पडतो.

एक शेवटची गोष्ट, जी मित्रमंडळीत कुणी बोलत नाही. मोठ्या वेगात पुढचे चाक हलके झालेले असताना छोटा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला, टायरमध्ये हवा कमी असली किंवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) ढिला असला, तर हँडल दोन्ही बाजूंना सेकंदात अनेकदा झटके मारू लागते. अशा वेळी माणूस सहजप्रवृत्तीने हँडल घट्ट आवळतो आणि त्याने ते झटके वाढतात. पकड सैल ठेवून, अंग पुढे झुकवून, रेस हळूहळू सोडणे हा त्यावरचा उपाय आहे, पण तो कागदावर वाचून अंगात येत नाही. भावाची गाडी आजच मेकॅनिककडे नेऊन कोनसेट, टायरची हवा आणि टायरवरच्या खाचा तपासून घ्या, मग बाकीची चर्चा करा.

प्रतिसाद : अस्थिशल्य

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. आपल्या भावाच्या तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याचे उत्तर माझ्या कामातून देतो.

शर्यतीतले चालक पडून उभे राहतात हे खरे आहे, आणि त्यात हेल्मेटचा, चामड्याच्या पोशाखाचा व २०१८ पासून मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल शर्यतीत सक्तीच्या झालेल्या एअरबॅगच्या पोशाखाचा वाटा मोठा आहे. पण त्याहून मोठा वाटा रिकाम्या जागेचा आहे. ट्रॅकच्या वळणांबाहेर मोकळी पट्टी आणि खडीचे मैदान मुद्दाम राखलेले असते. चालक तिथे घसरत जातो आणि त्याचा वेग शंभर-दीडशे मीटरच्या अंतरात हळूहळू जिरतो. शरीराला इजा वेगाने होत नाही, वेग एकाएकी शून्यावर येण्याने होते. ताम्हिणीच्या रस्त्यावर तोच चालक तीस मीटर घसरण्याआधी मैलाचा दगड, मोरीचा कठडा, झाड किंवा समोरून येणारी एसटी यांच्यावर आदळतो. आणि ट्रॅकवरही नशीब प्रत्येक वेळी साथ देत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये मलेशियातल्या सेपांगच्या शर्यतीत इटलीचा मार्को सिमोन्चेली पडला आणि मागून येणाऱ्या गाड्यांची धडक बसून गेला. त्याच्या अंगावर तेव्हाचा उत्तम पोशाख होता आणि काही मिनिटांच्या अंतरावर डॉक्टर होते.

हेल्मेट वापरलेच पाहिजे, त्याने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा जवळजवळ ७० टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. परंतु हेल्मेटची चाचणी कशी होते हे भावाला माहीत असावे. ईसीई २२.०५ या आधीच्या युरोपीय मानकात हेल्मेट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटरच्या वेगाने आपटत असत. रस्त्यावर पडताना डोके जमिनीवर साधारण एवढ्याच वेगाने आदळते, म्हणून मोठ्या वेगात घसरणाऱ्यालाही हेल्मेट वाचवते. पण ताशी शंभरने डोके थेट कठड्यावर गेले, तर त्या परीक्षेत हेल्मेट कधी बसलेलेच नाही. उंचीच्या भाषेत बोलायचे तर ताशी ६० ने थेट धडक म्हणजे १४ मीटरवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणे, आणि १४० ची धडक म्हणजे ७७ मीटरवरून.

जॅकेट कातडी वाचवते, गार्ड हाडावरचा आघात कमी करतो. छातीच्या आत महारोहिणी झटक्याने फाटते किंवा कवटीच्या आत मेंदू पिळवटला जातो, तिथे बाहेरचा कोणताही पोशाख पोहोचत नाही. एक दुखापत मी विशेषतः सांगतो, कारण ती बहुतांशी दुचाकीवरच्या तरुणांतच दिसते. पडताना खांदा एका बाजूला आणि डोके दुसऱ्या बाजूला ओढले जाते आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे कण्यापासून उपटली जातात. हाताचे एकही हाड मोडलेले नसते, वरून हात धडधाकट दिसतो, पण तो लोंबकळतो. त्यात संवेदना नसते आणि तरीही भाजल्यासारख्या वेदना कित्येक वर्षे राहतात. माझ्याकडे असा एक मुलगा फिजिओथेरपीसाठी येत असे. तो दर वेळी उजव्या हाताने डावा हात उचलून टेबलावर ठेवायचा, एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि मग माझ्याशी बोलायला लागायचा.

चौथा मुद्दा, शहरातले मृत्यू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. म्हणजे कमी वेगातही माणसे मरतात हे भावाचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यातून हेल्मेटची गरज सिद्ध होते, १४० चा वेग निर्धोक आहे हे सिद्ध होत नाही. त्याच अहवालात ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात आहेत. आपल्याकडे पंचनाम्यात अतिवेगाचा रकाना सर्रास भरला जातो, त्यामुळे ही टक्केवारी मी स्वतः शब्दशः घेत नाही. तरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जे दिसते त्याच्याशी तिची दिशा जुळते.

घाटात काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकाला फोन लागण्यासाठी कुणाला तरी गाडीवरून पुढे जावे लागते, आणि मांडीचे हाड मोडून आतल्या आत रक्तस्राव होत असेल तर तेवढा वेळ रुग्णाकडे नसतो.

प्रतिसाद : मुळशीकर

या रस्त्याच्या कडेला माझे घर आहे, म्हणून लिहितो. 'पहाटे रस्ता रिकामा असतो' हे वाक्य शहरातून येणाऱ्या मुलांकडून मी अनेकदा ऐकले आहे. ताई, आमच्याकडे पहाटे साडेपाच ते आठ ही सगळ्यात गर्दीची वेळ असते, फक्त ती गर्दी गाड्यांची नसते. तेव्हा गुरे बाहेर पडतात, दूध रस्त्यावर येते, बायका पाण्याला आणि वैरणीला जातात, मुले पहिल्या एसटीसाठी थांबतात आणि कंपनीतली रात्रपाळी सुटून माणसे सायकलवरून घरी येतात.

माझी आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. रस्त्यापलीकडच्या खाचरातून वैरणीचा भारा आणायला ती अजूनही जाते, नको म्हटले तरी ऐकत नाही. डोक्यावर भारा असला की मान वळवून दोन्ही बाजूंना पाहता येत नाही. इतकी वर्षे ती कानांवर विसंबून रस्ता ओलांडत आली, गाडीचा आवाज आला की थांबायचे, दूर गेला की निघायचे. या गाड्यांनी तिचा तो हिशेबच मोडून टाकला आहे. आवाज कानावर येतो न येतो तोच गाडी समोरून गेलेली असते. आता रविवारी ती भारा खाली ठेवते, साइडपट्टीवर बसून राहते आणि माझ्या वडिलांनी येऊन हात धरल्याशिवाय उठत नाही.

वर चाकजोडी यांनी ब्रेकचे अंतर सांगितले, मी दुसऱ्या बाजूचे अंतर सांगतो. आमच्या वाडीच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर भरलेला टेम्पो वळवायला पाच-सहा सेकंद लागतात. चालकाला दीडशे मीटरवर दुचाकीचा एक दिवा दिसतो. दुचाकी समोरून अरुंद दिसते, तिचा वेग डोळ्यांना ओळखता येत नाही, म्हणून चालक नेहमीच्या वेगाचाच अंदाज धरतो. दुचाकी ६० ने येत असेल तर तिला पोहोचायला नऊ सेकंद लागतील आणि टेम्पो सुखरूप वळेल. ती १४० ने येत असेल तर चार सेकंदांच्या आत येईल आणि टेम्पो तेव्हा रस्त्यात आडवा असेल. चूक कुणाची, यावर मग गावात आणि पोलीस ठाण्यात वाद होतो. मी त्या टेम्पोवाल्याला दोष देऊ शकत नाही.

आपल्या भावाविषयी माझ्या मनात राग नाही. या मुलांनी यावे, धरण पाहावे, आमच्याकडे चहा घ्यावा, त्यांच्यामुळे चार घरांची चूलही पेटते. पण ज्याला ते रिकामा रस्ता म्हणतात ते आमचे अंगण आहे.

प्रतिसाद : एकेकाळचा घाटवेडा

ताई, मी आपल्या भावाच्याच जागी होतो आणि तेच चार मुद्दे मीही घरच्यांना ऐकवत होतो. माझा अपघात ऑक्टोबर महिन्यातला. पाऊस संपला होता, रस्ता कोरडा, आकाश स्वच्छ. ताम्हिणीच्या एका डाव्या वळणात मी ९० च्या आसपास शिरलो. तेच वळण मी उन्हाळ्यात निदान वीस वेळा घेतले होते. पावसाळ्यात डोंगरावरून वाहून आलेली खडी वळणाच्या मधोमध हातभर रुंदीच्या पट्ट्यात पसरली होती आणि गाडी झुकलेली असताना मला ती दिसली. त्या क्षणी मी एक चूक केली. मी उजवीकडच्या कठड्याकडे पाहिले. मोटारसायकल माणसाची नजर जिथे जाते तिथे जाते, हे मी दुसऱ्यांना शिकवत असे, आणि तरीही नजर त्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या दगडावरून हलेना. गाडी सरळ त्याच दगडावर गेली. गळपट्टीचे हाड, घोटा आणि तीन बरगड्या मोडल्या. सात महिने घरात होतो. समोरून त्या वेळी एकही वाहन आले नाही, म्हणून मी हे लिहायला शिल्लक आहे.

आज मागे वळून पाहताना मला वाटते की माझा वेग वाढवण्यात दोन गोष्टींचा हात होता, आणि त्या दोन्ही भावाशी बोलण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे कॅमेरा. हेल्मेटवर कॅमेरा लावल्यापासून माझा वेग सरसकट वीसने वाढला होता, कारण ७० च्या वेगाचे चित्रण कुणी पाहत नाही. मे २०२३ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर डेहराडूनच्या एका तरुण यूट्यूबरने ताशी ३०० चा आकडा गाठण्याच्या प्रयत्नात जीव गमावला. त्याच्याकडे हेल्मेट होते, रस्ता रुंद आणि सरळ होता आणि गाडी त्या वेगासाठीच बनवलेली होती. ती बातमी वाचून मी माझी सगळी जुनी चित्रणे पुसून टाकली. दुसरी गोष्ट म्हणजे गटातली शेवटची जागा. पाच जण निघाले की सगळ्यात नवखा मागे पडतो आणि सोबत राहण्यासाठी आपल्या कुवतीपेक्षा जोरात चालवू लागतो. आमच्या गटाने आता नियम केला आहे की सर्वांत सावकाश चालवणारा दुसऱ्या क्रमांकावर राहील आणि पुढचा आपल्या आरशात त्याला पाहून वेग ठरवेल. माझ्या मते हा एक नियम सगळ्या उपदेशांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

किल्ली लपवू नका. त्याला वेगाची ओढ असेल तर ती मान्य करा आणि तिला योग्य जागा दाखवा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला ट्रॅक आहेत, तिथे प्रशिक्षणाचे वर्ग भरतात. ब्रेक कसा लावायचा, नजर कुठे ठेवायची, हे प्रशिक्षक मागे लागून शिकवतात. मी बरा झाल्यावर असे दोन दिवसांचे शिक्षण घेतले. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. रस्त्यावर मी ज्याला कौशल्य समजत होतो ते किती थोडे होते हे मला पहिल्याच तासात कळले, आणि तेव्हापासून घाटात माझा हात आपोआप सैल पडतो. अर्थात ट्रॅकलाही कुणी सुरक्षित खेळणे समजू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर शर्यतीत पडून बंगळूरचा तेरा वर्षांचा मुलगा गेला. पण तिथे निदान वैरणीचा भारा घेतलेली आजी नसते.

प्रतिसाद : दावा-अर्ज

मोटार अपघात दाव्यांचे काम करतो, म्हणून थोडक्यात. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही दुचाकीला ताशी ८० ची कमाल मर्यादा आहे आणि मुळशीसारख्या इतर रस्त्यांवर ६० ची. अतिवेगासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १८३, धोकादायक चालवण्यासाठी १८४ आणि रस्त्यावर शर्यत लावण्यासाठी १८९ लागू होते. त्या वेगात दुसऱ्या कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या कायद्यात ही मर्यादा दोन वर्षांची होती.

घरच्यांना सहसा माहीत नसलेली बाब वेगळीच आहे. अपघात केवळ चालकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर वारसांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरधाव गाडी चालवून स्वतःच मृत्युमुखी पडलेल्या एका चालकाच्या कुटुंबाची मागणी याच कारणाने फेटाळली. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला असल्यास तेवढाच आधार उरतो. तो भावाने घेतला आहे का आणि चालू आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर पाहून घ्या. शर्यत किंवा वेगाची चाचणी हे प्रकार पॉलिसीच्या व्याप्तीबाहेर असतात, आणि आकडा दाखवणारे चित्रण स्वतःच प्रसिद्ध केलेले असेल तर ते न्यायाधिकरणापुढे पुरावा म्हणून येते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : कोथरूडची ताई

सर्वांचे मनापासून आभार. मी सगळे प्रतिसाद भावाला वाचायला दिले. मला वाटले होते तो ब्रेकच्या आकड्यांवर वाद घालेल. त्याने कागद घेतला, आकडे स्वतः मांडले आणि त्याचेही उत्तर १०८ च आले. मग तो म्हणाला की ८३ मीटर म्हणजे नेमके किती, हे डोळ्यांनी पाहू या.

काल संध्याकाळी आम्ही घराजवळच्या मैदानावर बाबांची मोजणीची फीत घेऊन गेलो. एका टोकाला मी उभी राहिले आणि तो फीत धरून चालत गेला. ८३ मीटरवर त्याने स्वतःचे हेल्मेट ठेवले. तिथून ते मुठीएवढे दिसत होते. नंतर तो १४७ मीटरसाठी पुढे निघाला, तर मैदान संपले. त्याला फाटकातून बाहेर पडावे लागले आणि कुंपणामुळे तो मला दिसेनासा झाला. परत आल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

या रविवारी तो जाणार आहे, पण सात वाजता निघणार आहे, आणि गटातला नवखा मुलगा दुसऱ्या क्रमांकावर राहील असे त्याने मित्रांना कळवले आहे. कॅमेरा घरी ठेवेन असे म्हणाला आहे, ते मी सकाळी पाहीन. कोनसेट ढिला निघाला, तो आज बदलला. त्याने मुळशीकरांसाठी एक प्रश्न दिला आहे. धरणाच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर सकाळी दुधाची किटली घेऊन पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ उभे असतात, ते रोज त्याच जागी असतात का?

प्रतिसाद : मुळशीकर

रोज असतात. साडेसहाला दूध गोळा करणारी गाडी त्या ठिकाणी थांबते आणि ती येण्याआधी पंधरा-वीस मिनिटे सात-आठ जण किटल्या घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेला उभे असतात. त्यांत दोन शाळकरी मुलेही असतात. खूण म्हणून सांगतो, तिथे कडेला एक जुने आंब्याचे झाड आहे आणि झाडाच्या आधी रस्त्याला किंचित चढ आहे, त्यामुळे पुण्याकडून येणाऱ्याला ही माणसे चढ संपल्यावरच दिसतात.